घरातले इन्सुलिन: साठवण, सुई आणि न सुटलेले प्रश्न

इन्सुलिन सुरू करायचे हे दवाखान्यात ठरते, पण ते टोचले जाते घरात. कुपी फ्रीजच्या कोणत्या कप्प्यात ठेवायची, वीज गेली तर काय करायचे, टोचण्याआधी ती किती हलवायची, पोटात घ्यायचे की मांडीत, कालचीच सुई आज चालेल का, हे प्रश्न रुग्ण आणि त्याच्या घरचे आपापल्या परीने सोडवतात, आणि बहुतेक वेळा कुणाला न विचारता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचे सांगितले. त्यांतले बहुतेक जण गोळ्यांवर असतात. पण पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या प्रत्येकाला इन्सुलिनवाचून गत्यंतर नाही, आणि दुसऱ्या प्रकारातही आजार जुना झाला की अनेकांवर तीच वेळ येते. या सर्वांना मिळणारी सूचना मात्र बहुधा तीन शब्दांत आटोपते: ‘फ्रीजमध्ये ठेवत जा.’

ही सूचना चुकीची नाही, अपुरी आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला पुरावा एकत्र ठेवून वाचला तर असे दिसते की उष्णतेने इन्सुलिन खराब होण्याची भीती आपण जरा जास्त बाळगतो, ते गोठण्याची फारशी बाळगत नाही, आणि टोचणाऱ्या हातामुळे डोसात पडणाऱ्या फरकाकडे तर लक्षच देत नाही. या मताला विरोध करणारे पुरावेही आहेत. ते वगळून हा आढावा पुरा होणार नाही.

नियम आले कुठून

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोत पहिल्यांदा माणसाला टोचलेला अर्क अशुद्ध होता, आणि त्यानंतरही काही काळ एका घाण्याची ताकद दुसऱ्याला नसे. औषध टिकाऊ करण्याचे आणि टोचण्यांची संख्या कमी करण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. १९३६ च्या सुमारास प्रोटामिन आणि जस्त मिसळलेले लांब पल्ल्याचे इन्सुलिन आले, १९४६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांच्या प्रयोगशाळेतून एनपीएच हे दुधाळ इन्सुलिन आले. १९८२ मध्ये जनुकीय तंत्राने बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात उतरले, १९८५ मध्ये पेन आले, आणि शतकाच्या अखेरीस रेणूत थोडा बदल केलेली ॲनालॉग इन्सुलिने. २००३ पासून भारतीय कंपन्याही मानवी इन्सुलिन बनवू लागल्या. यातल्या प्रत्येक सोयीबरोबर घरावर एक नवे काम येऊन पडले. दुधाळ इन्सुलिनाने टोचण्या कमी केल्या, पण ते सारखे मिसळण्याची जबाबदारी रुग्णावर टाकली. पेनाने मोजमाप सोपे केले, पण सुई बसवणे, हवा काढणे आणि बटण दाबून थांबणे ही कामे आणली. नवी साधने घरोघरी पोहोचली त्या वेगाने त्यांची शिकवण पोहोचली नाही.

साठवणीच्या नियमात दोन निराळे प्रश्न एकत्र झाले आहेत, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवले तर ते वेष्टनावरच्या तारखेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षे, पूर्ण ताकदीचे राहील ही कंपनीची हमी आहे. उघडून वापरात असलेली कुपी किंवा पेन २५ किंवा ३० अंशांखाली बहुधा चार आठवडे चालते. काही मानवी इन्सुलिनांना सहा आठवडे आणि डेग्लुडेक या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनला आठ आठवडे दिलेले असतात. चार आठवड्यांच्या मर्यादेमागे केवळ तापमान नाही. सुई रबराच्या बुचातून वारंवार आत गेल्यावर आतले जंतुनाशक किती काळ पुरेल, हाही हिशेब त्यात असतो. म्हणून ‘फ्रीजमध्ये होती, महिना उलटला तरी चालेल’ हे घरोघरी ऐकू येणारे समर्थन टिकत नाही. आणि ‘दोन तास बाहेर राहिली, आता फेकून द्यायची का’ ही घबराटही अनाठायी ठरते.

उष्णतेचा वाद

कडक नियमाच्या बाजूने असलेला युक्तिवाद रसायनशास्त्राचा आहे. कुपीत इन्सुलिनचे रेणू सहा-सहाच्या जुडीने जस्ताभोवती बांधलेले असतात, आणि कुपीतले फिनॉल किंवा मेटाक्रेसॉल ही जुडी घट्ट ठेवते. उष्णता आणि हिसके यांनी जुडी सुटते, सुटे रेणू उलगडतात आणि एकमेकांना चिकटून तंतू बनतात. तंतू झालेले इन्सुलिन साखर उतरवत नाही. ही हानी हळूहळू होते, आणि पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकी औषधसंहितेनुसार इन्सुलिनची ताकद लिहिलेल्या आकड्याच्या ९५ ते १०५ टक्क्यांच्या आत असली पाहिजे. रुग्णाच्या हाती मोजण्याचे साधन नसताना सुरक्षिततेची बाजू घेऊन थंड ठेवा असे सांगणे, यात चूक ते काय? पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच बाजूला वजन देतो. साधे आणि मिश्र इन्सुलिन ३२ आणि ३७ अंशांना २८ दिवस ठेवल्यावर त्यांची ताकद लक्षणीय घटल्याचे त्यांना आढळले. हवामान आपलेच, इन्सुलिनही आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाणारे. हा पुरावा सहज बाजूला सारता येणार नाही.

दुसरी बाजू निर्वासितांच्या छावण्यांतून पुढे आली. केनियातल्या दादाब इथल्या छावणीत फ्रीज नसल्याने मधुमेही रुग्णांना दिवसातून दोनदा इन्सुलिनसाठी दवाखान्यात चालत यावे लागे. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने तिथल्या घरांतले तापमान नोंदवले. ते दिवसरात्रीत २५ ते ३७ अंशांत वरखाली होत होते. जिनिव्हा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तेच चढउतार घडवून चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद थंड ठेवलेल्या इन्सुलिनइतकीच राहिली. हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर २०२३ मध्ये कोक्रेन या पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने उपलब्ध अभ्यास एकत्र केले आणि त्यांत कंपन्यांकडून मिळालेली अप्रकाशित माहितीही घेतली. न उघडलेले मानवी इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने ठेवले तरी रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची घट होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वेष्टनावर लिहिलेल्यापेक्षा बरीच जास्त सूट देणारी माहिती कंपन्यांच्या कपाटात होती, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

मग जिपमेर आणि जिनिव्हा यांचा मेळ कसा घालायचा? तपासण्याच्या पद्धती, इन्सुलिनचे प्रकार आणि उत्पादने एकसारखी नव्हती, आणि सतत ३७ अंश असणे म्हणजे रात्री २५ पर्यंत उतरणारे ३७ नव्हे. मला दोन्हींतून एकच व्यवहार्य मर्यादा दिसते. जिथे रात्री गारवा पडतो आणि दुपारचा पारा पस्तिशीच्या आसपास असतो, तिथे वापरातली कुपी महिनाभर सावलीत बाहेर ठेवण्याने नुकसान होईल असे मानायला फारसा आधार नाही. विदर्भातल्या मे महिन्याची गोष्ट निराळी. चंद्रपूर-नागपूरकडे बाहेरचे तापमान ४५ च्या पुढे जाते, पत्र्याच्या घरात रात्रीही उकाडा राहतो, आणि त्या टप्प्यावरचा पुरावा अगदी थोडा आहे. बंद मोटारीचा किंवा दुचाकीच्या डिकीचा विचार तर करायलाच नको. ३७ अंशांवर दोन महिने टिकले म्हणून ४५ वर एक महिना टिकेल, असे गणित इथे मांडता येत नाही, कारण तापमान वाढत जाते तसा बिघाडाचा वेग त्याहून जलद वाढतो.

मातीच्या माठाची चर्चा इथेच येते, आणि ती केवळ गरिबांची तडजोड म्हणून करणे बरोबर नाही. मुलांच्या मधुमेहावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेच्या शिफारशींत फ्रीज नसेल तर माठ किंवा ओले फडके वापरण्याचा उल्लेख आहे. कोक्रेनने तपासलेल्या एका छोट्या अभ्यासात सहा आठवडे मातीच्या भांड्यात, २५ ते २७ अंशांना ठेवलेले इन्सुलिन आठ निरोगी व्यक्तींना टोचले, तेव्हा साखर फ्रीजमधल्या इन्सुलिनइतकीच उतरली. आठ माणसांवरून फार मोठे बोलता येत नाही. पण माठ कसा काम करतो हे स्पष्ट आहे: पाणी झिरपून वाफ होताना उष्णता ओढून नेते. म्हणूनच कोरड्या मराठवाड्यात तो चांगले काम देतो आणि दमट कोकणात किंवा गोव्यात, विशेषतः पावसाळ्यात, फारसा उपयोगी पडत नाही. सोय अशी की जिथे उष्मा तीव्र असतो तिथे हवा बहुधा कोरडी असते. एका भांड्यात दुसरे भांडे, मधल्या जागेत ओली वाळू, आणि आतल्या भांड्यात पाणी लागणार नाही अशा डब्यात कुपी, एवढी रचना पुरते. कुपी थेट पाण्यात सोडली तर लेबल सुटते आणि बुचावर घाण बसते.

सूट देण्याला घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे: नियम सैल केला तर लोक बेफिकीर होतील. पण आजच्या कडक नियमाचा परिणामही पाहायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक घरांत फ्रीज नव्हता. ऊसतोडीसाठी बीडहून निघून सहा महिने कोपीत राहणाऱ्या कुटुंबाला फ्रीजची अट घातली की उरतात दोनच वाटा, शेजाऱ्यापाजाऱ्याच्या फ्रीजवर अवलंबून राहणे किंवा इन्सुलिन नको म्हणणे. ताकदीत पाच-दहा टक्के घट झालेल्या इन्सुलिनपेक्षा न घेतलेले इन्सुलिन कितीतरी घातक आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तर ते काही दिवसांत जिवावर बेतते. तेव्हा ‘फ्रीज असेल तर फ्रीज, नसेल तर माठ, आणि उन्हाळ्यात साखर विनाकारण चढू लागली तर कुपी बदलून पाहा’ अशी पायऱ्यांची सूचना बेफिकिरी वाढवेल असे वाटत नाही.

थंडीकडे दुर्लक्ष

इन्सुलिन गोठले की ते गेले, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद नाही. बर्फाचे स्फटिक दुधाळ इन्सुलिनातल्या कणांची रचना मोडतात. वितळल्यावर गुठळ्या दिसतात किंवा काचेला पांढरी कडा धरते. स्वच्छ इन्सुलिनात मात्र असे काहीच न दिसता बिघाड झालेला असू शकतो. असे असूनही घरातले फ्रीज इन्सुलिनला किती थंडी देतात याची मोजणी फार कमी झाली. बर्लिनमधल्या संशोधकांनी युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांच्या फ्रीजमध्ये आणि पिशव्यांत तापमापक ठेवून ३८८ नोंदी गोळा केल्या. त्यांतल्या सुमारे ७९ टक्के नोंदींत तापमान शिफारशीबाहेर गेले, सरासरीने दिवसाला अडीच तासांहून अधिक, आणि १७ टक्के नोंदींत ते शून्याखाली उतरले. नियम पाळणाऱ्या, फ्रीज असलेल्या घरांची ही स्थिती आहे. आपल्याकडे एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा वरच असतो आणि त्याच्या लगतची जागा सर्वात धोक्याची. इन्सुलिन मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून दूर, डब्यात ठेवणे हा उपाय फुकटचा आहे. प्रवासात थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटाला चिकटवून कुपी नेण्याची पद्धत याच कारणाने घातक. मध्ये जाडसर कापड हवे. विमानात सामानाच्या पोटात टाकलेल्या बॅगेत इन्सुलिन ठेवू नये, ते हातातल्या पिशवीत असावे.

कुपीचा आकडा आणि सिरिंजचे टोपण

भारतात दोन ताकदींचे इन्सुलिन शेजारी शेजारी विकले जाते. कुपीत बहुधा यू-४०, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमध्ये आणि ॲनालॉगच्या काही कुप्यांत यू-१००. यू-४० ची सिरिंज लाल टोपणाची, यू-१०० ची नारिंगी. लाल आणि नारिंगी हे दोन रंग कमी उजेडात, साठीच्या पुढच्या डोळ्यांना सारखेच दिसतात. यू-१०० चे इन्सुलिन चुकून यू-४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले तर अंगात ५० युनिट जातात. उलट चूक झाली तर २० ऐवजी आठच. पहिल्या चुकीने साखर घसरून माणूस बेशुद्ध पडतो. दुसरी आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. पुढे योग्य सिरिंज हाती आली की वाढवलेला डोस पुरा अंगावर येतो. पेनचे कार्ट्रिज संपता संपता त्यातून सिरिंजने इन्सुलिन ओढून घेण्याची काटकसर याच सापळ्यात नेते.

अमेरिकेत यू-१०० १९७३ मध्ये आले आणि ब्रिटन १९८३ मध्ये एका ताकदीवर गेले. भारतानेही तसे करावे ही मागणी जुनी आहे. यू-४० टिकवण्याच्या बाजूचे मुद्देही पोकळ नाहीत. यू-४० च्या सिरिंजवर बहुधा एका युनिटाची एक रेघ असते, तर एक मिलिलिटरच्या यू-१०० सिरिंजवर दोन युनिटांची. लहान मुलांच्या छोट्या डोसात हा फरक जाणवतो. सरकारी पुरवठा आणि लाखो रुग्णांची सवय यू-४० ची आहे, आणि बदलाच्या काळात चुका वाढतील अशी भीती आहे. ती खरी असली तरी आजची दुहेरी पद्धतही चुका घडवतेच, आणि त्यांची मोजणी होत नाही. माझ्या मते एकच ताकद हा शेवटचा मुक्काम असायला हवा. तिथपर्यंत जाण्याचा रस्ता आखलेला दिसत नाही.

हातात काय घडते

दुधाळ इन्सुलिन, म्हणजे एनपीएच आणि ३०/७० सारखी मिश्रणे, ठेवल्यावर खाली बसते. ते हलक्या हाताने तळव्यांत लोळवून आणि उलटसुलट करून, एकूण वीसेक वेळा, एकजीव करावे लागते. हे नेहमीचे वाक्य म्हणून सोडून देण्याआधी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला जर्मन अभ्यास पाहावा. पेन वापरणाऱ्या १०९ रुग्णांपैकी फक्त ९ टक्के जण ते दहाहून अधिक वेळा उलटसुलट करत होते, आणि या सर्व रुग्णांच्या कार्ट्रिजमधल्या एनपीएचचे प्रमाण अपेक्षेच्या ५ टक्क्यांपासून २१४ टक्क्यांपर्यंत भरले. उष्णतेच्या वादात आपण पाच-दहा टक्क्यांवर भांडतो. इथे डोस विसाव्या भागापासून दुपटीपर्यंत झुलतो. जोराने खळखळ हलवणे हा उपाय नव्हे, कारण त्याने फेस येतो आणि रेणू तंतू बनण्याकडे झुकतात. मिश्र इन्सुलिन आपल्याकडे अतिशय लोकप्रिय आहे हे लक्षात घेतले, तर घरी शिकवायच्या गोष्टींत नीट मिसळण्याला वरचे स्थान मिळायला हवे.

सुईच्या लांबीबद्दल गेल्या पंधरा वर्षांत मत बरेच एका ठिकाणी आले आहे. टोचण्याच्या जागी त्वचेची जाडी सरासरी दोन-अडीच मिलिमीटर असते, आणि माणूस लठ्ठ असो की सडपातळ, तीत फारसा फरक पडत नाही, असे अल्ट्रासाउंडने मोजले गेले. त्यामुळे ४ मिलिमीटरची पेनची सुई जवळजवळ सर्वांना पुरते आणि सरळ टोचता येते. लांब सुई स्नायूत गेली तर इन्सुलिन फार वेगाने शोषले जाते. सिरिंजला मात्र इतकी आखूड सुई नसते. तिथे चिमटीत कातडी उचलून टोचणे गरजेचे राहते, आणि यू-४० वापरणारा आपला मोठा वर्ग सिरिंजवाला आहे. परदेशी शिफारशी पेन गृहीत धरून लिहिलेल्या असतात. भारतीय तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये पहिल्या स्वतंत्र शिफारशी काढल्या, त्यामागे हेही एक कारण होते असे मानायला जागा आहे.

एकाच जागी वारंवार टोचल्याने कातडीखाली चरबीच्या गाठी होतात, आणि हा या क्षेत्रातला सर्वात महत्त्वाचा व सर्वात कमी तपासला जाणारा भाग आहे. गाठीत टोचलेले इन्सुलिन कमी आणि अनियमित शोषले जाते. आज कमी, उद्या जास्त, आणि साखरेचे चढउतार कुणालाच उलगडत नाहीत. गाठीत दुखत नाही म्हणून रुग्ण तिथेच टोचत राहतो, हे दुष्टचक्र. किती जणांना गाठी असतात? २०१३ च्या स्पॅनिश अभ्यासात सुमारे ६४ टक्क्यांना होत्या. ४२ देशांतल्या १३ हजारांहून अधिक रुग्णांच्या २०१४-१५ च्या पाहणीत तपासणीनंतरचा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास आला. एवढी तफावत देशांमुळे असेल, की बोटांनी चाचपणाऱ्याच्या कौशल्यामुळे? चपट्या गाठी नजरेला दिसत नाहीत, त्या दाबून शोधाव्या लागतात, आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात पोट उघडायला लावून पाहणारे थोडेच. उपाय सोपा आहे: पोटाचे चार भाग करून आठवड्याला एक भाग वापरावा आणि आधीच्या टोचणीपासून बोटभर अंतर ठेवावे. मात्र गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त काम करतो आणि साखर खाली घसरू शकते, म्हणून हा बदल डॉक्टरांना सांगून, साखर जास्त वेळा तपासत करायचा असतो.

तंत्र सुधारल्याने खरेच साखर सुधारते का, यावर आक्षेप आहेत. इटलीतल्या एका अभ्यासात आखूड सुई आणि शिकवणीनंतर तीन महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतल्या सरासरी साखरेचे माप, सरासरी ०.५८ टक्के-अंकांनी उतरले, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ज्याच्यावर कुणी लक्ष देऊ लागते त्याची साखर तशीही उतरते. शिवाय टोचण्याच्या तंत्रावरच्या शिफारशी आणि मोठ्या पाहण्यांमागे सुया बनवणाऱ्या कंपनीचे आर्थिक साहाय्य होते. आक्षेप रास्त आहे. पण साठवणीचे कडक नियमही इन्सुलिन बनवणाऱ्यांच्याच वेष्टनांवरून आलेले आहेत. एका बाजूच्या हितसंबंधावर बोट ठेवताना दुसऱ्या बाजूचा विसर पडू नये. गाठीतले शोषण आणि न मिसळलेल्या एनपीएचचे प्रमाण या गोष्टी थेट मोजलेल्या आहेत. त्यांना तुलनागटाची उणीव लागू पडत नाही.

बाकी दोन वाद थोडक्यात. टोचण्याआधी स्पिरिट लावावे का? घरी, स्वच्छ धुतलेल्या त्वचेवर त्याची गरज नाही यावर आता बरेच एकमत आहे. कपड्यांतून टोचावे का? नव्वदच्या दशकातल्या एका छोट्या अभ्यासात त्याने संसर्ग वाढला नाही, तरी जागा न पाहता आणि कातडी न उचलता टोचले जाते म्हणून शिफारशी ते नको म्हणतात.

तीच सुई पुन्हा

काचेची सिरिंज उकळायची आणि सुईला दगडावर धार लावायची, अशी रीत होती तेव्हा सुई पुन्हा वापरणे हाच नियम होता. एकदाच वापरण्याची सुई आल्यावर तो पालटला. आज कंपन्या आणि तज्ज्ञगट ‘एक टोचणी, एक सुई’ म्हणतात: टोक बोथट होऊन वाकते, वंगणाचा थर जातो, दुखते, गाठी वाढतात. दुसऱ्या बाजूला २००४ मध्ये अमेरिकेच्या मधुमेह संघटनेनेही अनेक रुग्णांना स्वतःची सुई पुन्हा वापरणे सोयीचे वाटते हे मान्य केले होते, आणि २०१६ च्या एका पद्धतशीर आढाव्याला पुनर्वापराच्या बाजूने किंवा विरुद्ध ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा सापडला नाही. संसर्ग क्वचित होतात. गाठींशी संबंध दिसतो, पण पुन्हा पुन्हा सुई वापरणारा बहुधा जागाही बदलत नाही; दोष सुईचा किती आणि जागेचा किती, हे वेगळे काढणे अवघड. दिवसाला दोन ते चार सुया ज्यांना परवडत नाहीत त्यांना केवळ ‘नको’ म्हणण्याने ते थांबत नाहीत, सांगणे तेवढे थांबवतात. वापरायचीच असेल तर ती फक्त स्वतःची असावी, झाकण लावून ठेवावी, स्पिरिटने पुसू नये, दुखू लागली की टाकावी, आणि पेनवर चढवलेली ठेवू नये, कारण तिच्यातून हवा आत जाते व इन्सुलिन गळते. दुसऱ्याचे पेन नवी सुई लावूनही वापरायचे नाही, कारण रक्ताचा अंश कार्ट्रिजमध्ये मागे शिरू शकतो. घरात दोघे मधुमेही असतील तर पेनांवर नावे हवीत.

वापरलेल्या सुईचे पुढे काय, याला भारतात कागदावर उत्तर आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंजांना घरगुती घातक कचरा म्हटले आणि त्या वेगळ्या गोळा व्हाव्यात असे ठरवले. प्रत्यक्षात त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात जातात आणि टोचतात ते कचरावेचकांच्या हातांना. जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत साठवून, वर चिकटपट्टीने ‘सुया’ लिहून देणे हे घराच्या हातातले. ती बाटली घेणार कोण, हे औषधदुकान, पालिका आणि रुग्णालय यांच्यात ठरलेले नाही.

जे अजून ठरायचे आहे

उष्णतेवरचा चांगला पुरावा मुख्यतः न उघडलेल्या मानवी इन्सुलिनचा आहे. उघडलेल्या कुपीचा, ॲनालॉगांचा आणि ४० अंशांवरचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि प्रयोगशाळेत टिकलेल्या ताकदीवरून घरातली साखर कशी राहिली हे थेट पाहणारे अभ्यास तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, माठ आणि फ्रीज यांची तुलना करणारा अभ्यास अवघड नाही. त्याला साधे तापमापक आणि रुग्णांच्या साखरेच्या नोंदी पुरतील. टोचण्याच्या बाजूने तुलनागट असलेले, कंपन्यांच्या पैशावर न चाललेले प्रयोग हवेत. शिकवायचे कोणी, हाही प्रश्न उघडाच आहे. मधुमेह-शिक्षक शहरांत, मोठ्या रुग्णालयांत भेटतात; गावात हे काम औषधदुकानदार, परिचारिका किंवा आशाताई यांच्याकडे जाईल, तर त्यांना आधी शिकवावे लागेल आणि त्या वेळेचा मोबदला द्यावा लागेल.

आणखी एक बदल दारात आहे. आठवड्यातून एकदा टोचायचे इन्सुलिन, आयकोडेक, युरोपीय संघाने २०२४ मध्ये मान्य केले. टोचण्या सातातून एक झाल्या की सुया, कचरा आणि गाठींचा ताण कमी होईल, हे उघड आहे. पण त्या एका टोचणीत चूक झाली, डोस दुप्पट गेला किंवा सुई गाठीत शिरली, तर तिचे परिणाम आठवडाभर रेंगाळतील. रोजच्या टोचणीसाठी लिहिलेल्या शिफारशींना या नव्या हिशेबाने पुन्हा तपासावे लागेल.